कान आंबला की पेटी बंद

घाटकोपरला भटवाडीच्या चढावर, पिठाच्या गिरणीपासून तिसरं दार प्रेमा राऊळांचं. दारावर पाटी नाही. तरी ज्याची बाजाची पेटी बिघडलेली आहे तो विचारत विचारत तिथे पोचतो, आणि पोचला की बहुतेक वेळा त्याला काय दिसतं? प्रेमाताई ओट्यावर पाय पसरून बसलेल्या, मांडीवर परात, परातीत मोड आलेले वाल, आणि बाई निवांतपणे एकेका वालाचं साल काढतायत. आत सात पेट्या पोट उघडं टाकून पडलेल्या. माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय होईल!

"काकी, माझी पेटी?"

"होतेय."

"कुठे होतेय? तुम्ही तर वाल सोलताय!"

"मग? कानांची सुट्टी आहे आता. बस."

नवीन गिऱ्हाईक इथे हमखास भडकतं. जुनं गिऱ्हाईक मुकाट्याने शेजारी बसतं आणि मूठभर वाल आपल्यापुढे ओढतं.

पद्धत अशी. सकाळी सात वाजता, रस्त्यावरचे हॉर्न सुरू व्हायच्या आत, प्रेमाताई पेटी उघडतात. पेटीच्या एकेका पट्टीखाली पितळेचे दोन सूर असतात, एक खर्जाचा आणि एक वरच्या सप्तकातला. प्रत्येकाला एक पातळ जीभ. दोघांनी असं एकजीव वाजायला हवं की ऐकणाऱ्याला दोन आहेत हे कळू नये. जरा बिनसलं की मधे एक लहर उठते, व्वँव, व्वँव, व्वँव. ती मोडायची. जिभेच्या टोकाशी कानशीने हलकं खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. अशा तीन पट्ट्या झाल्या, म्हणजे सहा सूर, की पेटीवर फडकं पडतं. मग दारात मंत्री उभा राहिला तरी वीस-पंचवीस मिनिटं पेटीला हात लागत नाही. दुपारी जेवण झालं की कानांत कापसाचे बोळे घालून तासभर झोप. चारनंतर सूर लावणं बंदच. तेव्हा भात्याचं चामडं, स्प्रिंगा, सुतारकाम, जे हाताचं आणि डोळ्यांचं असेल तेवढंच.

घड्याळाकडे त्या बघत नाहीत. कधी थांबायचं याची त्यांची खूण निराळी आहे. सगळेच सूर बरोबर वाटायला लागले की समजायचं, कान आंबला. पाय आंबले तर दुखतात, डोळे आंबले तर चुरचुरतात, कान मात्र मोठा लबाड. तो थकला की तक्रार करत नाही. येईल त्या सुराला छान म्हणत सुटतो, उठायची घाई झालेल्या पाहुण्यासारखा. कान असा गोड बोलायला लागला की प्रेमाताई त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत.

या सुट्टीचा सगळ्यात मोठा फायदा शेजारच्या द्रौपदीला झालेला आहे. वाल कधी तिच्या घरचे असतात, कधी दुसऱ्या कुणाच्या. अर्ध्या चाळीचं बिरडं या ओट्यावर सोलून होतं. शिवाय द्रौपदीला बोलायला कुणीतरी लागतं. सुनेचं, नणंदेचं, जावयाचं, जे कुठेच बोलता येत नाही ते ती प्रेमाताईंपाशी बोलते, कारण त्या ऐकत नाहीत हे तिला पक्कं ठाऊक आहे.

"तू काय ऐकणस नाय, म्हणान तुका सांगतंय," असं ती तोंडावर म्हणते. प्रेमाताई "हूं" म्हणतात आणि पुढचा वाल उचलतात. वीस वर्षांत त्या ओट्यावर सांगितलेलं एकही गुपित बाहेर गेलेलं नाही, कारण एकही आत शिरलेलं नाही.

ही पद्धत त्यांना कोणी शिकवली नाही. म्हणजे शिकवली, पण शिकवणाऱ्यालाही पत्ता नव्हता.

प्रेमाताईंचे वडील सीताराम परळच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. साच्यांच्या खडखडाटात वीस वर्षं काढली, त्यात कान गेले. पुरते बहिरे नाहीत, पण सुरातलं बारीक काही त्यांना ऐकू येत नसे. आणि छंद काय, तर पेट्या दुरुस्त करायचा! गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत भजनाची पेटी बिघडली की सीतारामांना हाक यायची. गिरणी बंद पडली तेव्हा हाच धंदा झाला आणि बिऱ्हाड भटवाडीत आलं. हात तर असा की पितळेच्या जिभेवरून माशीच्या पंखाएवढं खरवडून घेतील. फक्त किती खरवडायचं ते ऐकणार कोण? मग नऊ वर्षांच्या पोरीला समोर बसवलं.

"चढलो काय गो?"

"नाय. उतारलेलो आसा."

"आता?"

"हां, आता बरो."

हात बापाचे, कान लेकीचे. घाटकोपर-मुलुंडच्या कितीतरी पेट्या या दोघांनी मिळून लावल्या. पण पोर ती पोर. दहा-पंधरा मिनिटं झाली की मधेच उठून पळायची, गल्लीत मुली लंगडी खेळत असायच्या. आई ओरडायची. सीताराम काही बोलत नसत. कानच पळून गेल्यावर हातांनी करायचं काय? ते विडी पेटवून बसायचे. पोर घामाघूम होऊन परत आली की बसल्या बसल्या म्हणायची, "बाबा, मघाचो सूर चढलेलो आसा." मघाशी तिनेच तो बरोबर म्हणून सांगितलेला असायचा. शेजारी म्हणत, बापाने पोरीला लाडावून ठेवलीय. ती लंगडी हे अर्धं काम होतं, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. प्रेमाच्याही नाही.

लक्षात आलं ते बाविसाव्या वर्षी, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

सीताराम गावाला गेले होते. प्रेमा आता खरवडायलाही शिकली होती. अशात धाकू बुवा पेटी घेऊन आले. डबलबारीतलं मोठं नाव. डबलबारी म्हणजे दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात, एक बुवा गातो, दुसरा त्याला गाण्यातूनच उत्तर देतो, आणि हजारभर माणसं जागची हलत नाहीत. बुवांच्या पेटीला जुने जर्मन सूर होते, तसे आता शोधूनही मिळत नाहीत. दोन दिवसांनी बारी होती. पोरगी एकटी आहे हे पाहून बुवा जरा घुटमळले. "करतंस मा?" त्यांनी विचारलं. "करतंय," प्रेमा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसली ती उठलीच नाही. आता काय ती लंगडी खेळायला पळणार होती? आईने जेवणाचं ताट आणून ठेवलं आणि तसंच परत नेलं. दिवेलागणीला पेटी पुरी झाली. सगळे सूर कसे झकास! प्रेमाला स्वतःचंच कौतुक वाटलं, आणि का वाटू नये, दिवसभर मान वर केली नव्हती.

सकाळी पेटी उघडून तिने हात फिरवला. वरचं सगळं सप्तक चढलेलं होतं. आंबलेल्या कानाला एक सूर उतरलेला वाटला म्हणून तिने चढवला, मग त्याच्या शेजारचा उतरलेला वाटला म्हणून तोही चढवला, आणि दिवसभर ती ही शिडी चढत राहिली होती. आता उतरवायचं म्हणजे बुडाशी खरवडायचं. जिभा आधीच टोकाला पातळ झालेल्या. बुवा ज्या पट्टीत गात तिच्या तार सप्तकातले गंधार, मध्यम आणि पंचम हातचे गेले. एकाची जीभ तुटली, दोन मुके झाले. पितळ एकदा काढलं की परत लावता येत नाही. तिने घरातले साधे सूर त्या जागी बसवले आणि बुवांची वाट बघत बसली.

बुवा आले, बसले, भाता ओढला. खालून हात फिरवत वर आले आणि तार गंधारावर थांबले. पुन्हा तिथेच आले, पुन्हा थांबले. मग मान वर करून तिच्याकडे बघितलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. त्या क्षणी सांगायला हवं होतं, बुवा, माझ्या हातून मोडले. पण जीभ रेटली नाही. बुवांनी पेटी बंद केली, "येतंय गो," म्हणाले आणि गेले. परत कधी त्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

सीताराम गावाहून आले तेव्हा तिने रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी विडी पेटवली. मग म्हणाले, "लहानपणी खेळाक पळायस, तांच बरां होतां."

तेवढं एकच वाक्य. त्यावर बाईने तीस वर्षं काढली. लोकांनी हसून घेतलं, घाईतली गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, नवऱ्यानेही सुरुवातीला विचारून पाहिलं की एवढं काय ते. त्या बधल्या नाहीत. आणि या तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही जीभ तुटलेली नाही. सलग दहा तास बसणारे कारागीर आठवड्यात जेवढ्या पेट्या काढतात तेवढ्याच त्याही काढतात, फक्त त्यांच्या परत येत नाहीत. पण एवढी वर्षं एक गोष्ट त्यांना खात राहिली. कुठे भजन लागलं, कुणी धाकू बुवांचं नाव काढलं, की त्या उठून आत जात.

आणि यंदा माघी गणपतीच्या आधी, एका गुरुवारी सकाळी दहा वाजता, रिक्षातून एक मुलगी उतरली. पंचविशीची, पाठीला ऑफिसची सॅक, हातात पेटी. प्रेमाताईंनी पेटी उघडायच्या आधीच ओळखली, कडीच्या बाजूच्या नक्षीवरून.

"मी ऋता. धाकू बुवांची नात," मुलगी म्हणाली. "आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले. पेटी गावाला माळ्यावर होती, दमट हवेत पार वाट लागलीय. शनिवारी संध्याकाळी मुलुंडला माझी बारी आहे, काकी. पहिलीच. समोरचे बुवा पंचवीस वर्षं गातायत. मला हीच पेटी हवीय."

प्रेमाताईंनी "बघते" एवढंच म्हटलं. याही वेळी सांगायला हवं होतं, आणि याही वेळी जीभ रेटली नाही.

पेटी खरंच सगळी बिघडली होती. बेचाळीस पट्ट्या, चौऱ्याऐंशी सूर. गुरुवार उरलेला, शुक्रवार पुरा, आणि शनिवारी चारला टेम्पो निघणार. तीन-तीनच्या हिशेबाने जेमतेम बसत होतं. प्रेमाताईंनी बाकीच्या पेट्यांवर फडकी टाकली आणि कामाला लागल्या.

ऋताने दोन दिवसांची रजा टाकली होती, ती ओट्यावरच ठाण मांडून बसली. पहिल्या सुट्टीला बाई बाहेर येऊन वाल सोलायला लागल्या तेव्हा ती घड्याळाकडे बघत राहिली. दुसऱ्या सुट्टीला म्हणाली, "आमच्या ऑफिसात पण याचं ट्रेनिंग झालं, काकी. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं ब्रेक. फोन वाजतो."

"असं? मग त्या पाच मिनिटांत काय करता?"

"काय... फोन बघतो."

"आणि काम कशावर?"

"कॉम्प्युटरवर."

"म्हणजे डोळ्यांनीच काम आणि डोळ्यांनीच सुट्टी," प्रेमाताई म्हणाल्या. "मग सुट्टी कोणाला मिळाली गं?"

 ऋताने परातीतले वाल ओढले. तिला धड सोलता येत नव्हते, डाळ फुटत होती, द्रौपदीने लगेच तिला शहाणपण शिकवायला घेतलं.

फोनशी प्रेमाताईंचं वैर नाही. पहिला षड्ज त्या फोनवरच्या सूर मोजायच्या काट्याला लावूनच ठरवतात. पण काटा सूर चुकलाय एवढंच सांगतो. जुन्या जिभेवरून किती घ्यायचं, कुठे थांबायचं, हे हाताला कान सांगतो. शुक्रवारअखेर असं करत करत एकूण तीस पट्ट्या झाल्या. प्रेमाताई मधलं सप्तक करत होत्या, मग खालचं, मग अगदी वरच्या टोकाच्या पट्ट्या. तेव्हा मोडलेल्या सुरांच्या त्या तीन पट्ट्यांना मात्र वळसा घालून जात होत्या. एवढी शहाणी बाई, पण भीती वाटते ते शेवटाला ठेवायची खोड तिलाही होतीच.

शनिवारी दुपारी दोन वाजता एकोणचाळीस झाल्या. उरल्या त्या तीनच. सुट्टी झाली, फडकं निघालं. प्रेमाताईंनी तार गंधार दाबला. बरोबर. मध्यम, बरोबर. पंचम, अगदी बरोबर. तीन दिवसांत इतका सुरेख सूर लागला नव्हता.

त्यांनी कानस खाली ठेवली.

"झालं?" ऋता उठून आली. "मस्त वाटतायत, काकी!"

"तुझाही आंबलाय. तीन दिवस ऐकतेयस ना. फोनवरचा काटा लाव बघू."

ऋताने फोन धरला. गंधाराला काटा डावीकडे कलला. मध्यमाला त्याहून जास्त.

"उतरलेत," ऋता म्हणाली. "मग चढवा ना. थोडेसेच तर आहेत. तीनच सूर, प्लीज ना, काकी."

"काटा म्हणतो उतरलाय आणि मला बरोबर ऐकू येतंय. म्हणजे कान गेला. आता उद्या सकाळशिवाय तो येत नाही. अशा कानाने कानस चालवली की काय होतं ते मला ठाऊक आहे." त्यांनी पेटीवर फडकं टाकलं.  "या तीन पट्ट्या अशाच घेऊन जा. वाजव नाहीतर वाजवू नकोस, मी आज हात लावणार नाही."

"माझी पहिली बारी आहे, काकी!" ऋताचा आवाज चढला. "आजोबांच्याच पट्टीत गाते मी, वर गेले की नेमकी तीच जागा येते. समोरचा माणूस माझी पार..." ती बोलता बोलता थांबली, कारण प्रेमाताई रडत होत्या.

"हे तीन सूर जर्मन नाहीत, बाय," त्या म्हणाल्या. "तुझ्या आजोबांचे मी मोडले. तीस वर्षं झाली. एका बैठकीत पेटी पुरी करायला बसले आणि मोडून ठेवले. त्यांना सांगितलंही नाही. त्यांना कळलं होतं, तरी ते मला एक शब्द बोलले नाहीत. परत आले नाहीत ते नाहीतच."

 ऋता हळूच पेटीपाशी बसली. तिने फडकं काढलं, भाता ओढला, आणि नेहमीचा एक गजर गात वर गेली. तार गंधार आला तसा तिचा उजवा हात पट्ट्यांवरून उचलला गेला. गळा एकटाच वर गेला, गंधार, मध्यम, पंचम घेऊन फिरून खाली आला, आणि हात पुन्हा पट्ट्यांवर टेकला.

"आमच्याकडे तिथे पेटी वाजवतच नाहीत," ती म्हणाली. "मला पण आता कळतंय. आजोबांनी शिकवलं तेव्हापासून असंच. म्हणायचे, हंय पेटयेक इसवाटो दी, गळ्याक म्होरां येवंदे. पेटीला विसावा द्यायचा, गळा पुढे. लोक या जागेसाठी यायचे, काकी. धाकू बुवांचा हात उचलला की मांडवात टाळ्या पडायच्या. मला वाटायचं ही आमच्या घरातली लकब आहे."

"रागावले होते का गं?"

"ते मला नाही माहीत. पण पेटी कुणाकडे लावायची हे त्यांनीच मला सांगून ठेवलं होतं. भटवाडीतल्या सीतारामाच्या चेडवाकडे जा म्हणाले, वेळ लावता, पण घाई करना नाय."

प्रेमाताईंनी डोळे पुसले. द्रौपदी दारात उभी होती, तीही पदराने डोळे टिपत होती. चार वाजता टेम्पो आला आणि पेटी मुलुंडला गेली, तीन सूर तसेच ठेवून.

सोमवारी सकाळी सात वाजता ऋता हजर झाली. घसा बसलेला, डोळे जागलेले, चेहरा खुललेला. बारी रंगली होती. समोरच्या बुवांनी शेवटी स्वतः उठून तिच्या गळ्यात हार घातला होता. प्रेमाताईंनी जास्त ऐकून घेतलं नाही. कान ताजा होता, तो बोलण्यात घालवायचा नव्हता. त्यांनी गंधार दाबला. आज तो स्वच्छ उतरलेला ऐकू आला. मध्यम त्याहून. कानस हातात घेतली आणि चाळीस मिनिटांत तिन्ही पट्ट्या लागल्या. एवढंच काम होतं ते. तीस वर्षं उरावर होतं.

"वाजव आता," त्या म्हणाल्या. "आता हात उचलायची गरज नाही."

ऋताने भाता ओढला. गजर सुरू केला, गात गात वर गेली. तार गंधार आला, आणि तिचा हात उचलला गेला. ती गाता गाता हसली.

"सवय, काकी."

"राहू दे," प्रेमाताई म्हणाल्या. "ती बुवांची जागा आहे."